देवभीरू की नुसतेच भीरू?

आमच्या मंडळीत नाताळच्या आधी आठ-दहा दिवस घरोघरी गाणी म्हणत फिरायची पद्धत आहे. पेटी, ढोलकी, खंजिरी, पुढे काठीला बांधलेली कागदी चांदणी आणि मागे माकडटोप्या घातलेली पोरं. प्रत्येक घरी एक गाणं, छोटीशी प्रार्थना, कुठे चहा तर कुठे करंजी, आणि निघताना डब्यात पैसे. डबा मुलांकडे असतो. तो धरायला मिळावा म्हणून भांडणं होतात.

मी तेव्हा शब्बाथ शाळेत शिकवायचे. शब्बाथ शाळा म्हणजे रविवारच्या उपासनेआधी भरणारा मुलांचा वर्ग. बाहेरच्यांना 'संडे स्कूल' म्हटलं की लगेच कळतं.

त्या वर्षी डब्यातल्या पैशांतून एका वसतिगृहातल्या मुलांना ब्लँकेटं द्यायची असं ठरलं होतं. शेवटच्या रात्री मुलांनी सतरंजीवर डबा उपडा केला, नाण्यांच्या चळती लावल्या, नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. ११,३४० रुपये भरले. मुलं इतकी खूश होती की घरी जाताना तो आकडाच गाण्यासारखा म्हणत गेली.

जानेवारीतल्या एका रविवारी उपासनेत जाहीर झालं, की ब्लँकेटांसाठी आठ हजार रुपये दिले. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं गेलं, "कुणाला काही सांगायचं आहे का?" माझ्या वर्गातली नऊ वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण आम्ही तर अकरा हजार तीनशे चाळीस मोजले होते."

कुणीतरी हसलं. तिच्या आईने फ्रॉक ओढून तिला खाली बसवलं.

खरं सांगायचं तर कुणी पैसे खाल्ले नव्हते. उरलेल्या रकमेतून साउंडवाल्याचं भाडं दिलं होतं आणि फेरीत मुलांनीच खाल्लेल्या वडापावचं बिल भागवलं होतं. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण उपासनेनंतर कमिटीच्या लोकांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मोठ्यांशी कसं बोलायचं हे शिकवत नाही का तुम्ही?" मी घाबरले. वर्ग माझ्याकडून जाईल, लोक नाव ठेवतील, या भीतीने मी त्या मुलीला समोर बसवलं आणि एक माफीपत्र लिहायला लावलं. पुढच्या रविवारी तिने ते सगळ्यांसमोर वाचलं. मोठ्यांचा मान ठेवला नाही, मला क्षमा करा, असा मजकूर होता. आवाज स्वच्छ, एकही चूक नाही.

त्या वर्षीचं आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस तिलाच मिळालं. सगळ्यात जास्त वचनं तिचीच पाठ होती. शिफारस माझी होती. त्यानंतर माझ्या वर्गात तिने एकही प्रश्न विचारला नाही.

याला अकरा वर्षं झाली. ख्रिस्ती घरांत आणि ख्रिस्ती शाळांत आपण मुलांवर जे 'संस्कार' करतो त्यांचं नक्की काय होतं, असं कुणी विचारलं की मला ते माफीपत्र आठवतं.



आमच्याकडे एक आवडता शब्द आहे, देवभीरू. लग्नाच्या स्थळापासून मयताच्या भाषणापर्यंत सगळीकडे वापरतात. मुलगी देवभीरू आहे, घराणं देवभीरू आहे. शब्द चांगला आहे. देवाची भीती बाळगणारा माणूस इतर कुणाला भीत नाही, हा त्याचा मूळ भाव. राजाला भीत नाही, सावकाराला भीत नाही, पंचांनाही भीत नाही.

आम्ही मात्र त्या शब्दातला 'देव' हळूच काढून घेतला आणि 'भीरू' तेवढा मुलांच्या हातात ठेवला. आमच्या घरांतून तयार होणारी मुलं पाळकसाहेबांना भितात, हेडमास्तरांना भितात, 'लोक काय म्हणतील' याला भितात. देवाला किती भितात हे देवालाच ठाऊक. ज्याला आपण उत्तम शील म्हणून बक्षीस देतो, ते बऱ्याचदा गप्प बसण्याचं कसब असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुलात देवाला आवडेल असं शील घडवायचं असेल, तर त्याला मोठ्यांसमोर खरं बोलता आलं पाहिजे, आणि मोठ्यांना ते ऐकून घेता आलं पाहिजे. हे दोन्ही नसेल तर पाठांतर, प्रार्थना, उपास, शिस्त यांतून फक्त आज्ञाधारक माणसं तयार होतात. आज्ञाधारक माणूस चांगल्या मालकाच्या हाताखाली चांगला असतो आणि वाईट मालकाच्या हाताखाली वाईट. त्याला शील म्हणत नाहीत.



हे मी बाहेरून आणलेलं शहाणपण नाही. आम्ही ज्या गोष्टी सांगून मुलांना गप्प बसवतो, त्याच गोष्टींत हे लिहिलेलं आहे. आम्ही त्या अर्ध्यावर थांबवतो.

बाळ शमुवेलाची गोष्ट घ्या. ती माहीत नसलेलं ख्रिस्ती मूल सापडणार नाही. हन्नाने नवस फेडायला मुलगा मंदिरात ठेवला. तो शिलो इथे एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाच्या हाताखाली सेवा करायचा. एका रात्री कुणीतरी त्याला हाक मारली. एलीनेच बोलावलं असं वाटून पोरगं धावत गेलं. "मी नाही बोलावलं, जा झोप." असं तीनदा झालं. मग एलीच्या लक्षात आलं की हाक देवाची आहे. पुन्हा हाक आली तर काय म्हणायचं ते त्याने शमुवेलाला शिकवलं. चौथ्या वेळी शमुवेलाने तसं उत्तर दिलं आणि ऐकायला तयार झाला.

इथे आमचा वर्ग संपतो. फळ्यावर गुडघे टेकलेल्या मुलाचं चित्र, खाली तात्पर्य: हाक मारली की लगेच उठावं, मोठ्यांचं ऐकावं. मीही कित्येक वर्षं हेच सांगितलं.

पण देव त्या रात्री त्या मुलाला बोलला काय? पहिलं शमुवेल उघडा आणि तिसरा अध्याय शेवटपर्यंत वाचा. एलीच्या घराण्याला शिक्षा होणार, हा निरोप होता. आणि कारण? एलीची मुलं, हफनी आणि फिनहास, लोकांनी अर्पण म्हणून आणलेल्या मांसातला हवा तो वाटा दांडगाईने उचलायची. अर्पणाचाच घोटाळा होता. बापाला सगळं माहीत होतं. त्याने तोंडी समज दिली होती, पण त्यांना थांबवलं नव्हतं.

हा निरोप देवाने कुणा मोठ्या संदेष्ट्याला दिला नाही, हाताखालच्या पोराला दिला. ते पोरगं सकाळपर्यंत पडून राहिलं, उठून मंदिराची दारं उघडली, आणि सांगायची त्याला भीती वाटत होती, असंही तिथे लिहिलं आहे. मग एलीनेच त्याला बोलावलं आणि काहीही लपवू नकोस म्हणून बजावलं. मुलाने सगळं सांगितलं. एलीने ते ऐकून घेतलं आणि मान्य केलं. त्याने 'उद्धट' म्हटलं नाही, माफीपत्र मागितलं नाही.

म्हाताऱ्याच्या हातून मुलं वाढवताना चूक झाली होती, पण ऐकून घेण्याइतकं देवाचं भय त्याच्यात शिल्लक होतं. शमुवेल पुढे संदेष्टा झाला त्याची सुरुवात या सकाळी झाली. गोष्टीचा पूर्वार्ध आज्ञा पाळण्याचा आहे आणि उत्तरार्ध खरं बोलण्याचा. आम्ही उत्तरार्ध फाडून टाकला.

अशा आणखी कितीतरी. दावीद म्हटलं की मुलांना गोफण आणि गल्याथ माहीत असतो. त्याच दावीदाला तो राजा झाल्यावर नाथान तोंडावर सांगतो की दोषी माणूस तूच, आणि राजा कबूल करतो, हे किती वर्गांत सांगितलं जातं? बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला तेव्हा तो काय करत होता? गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. लूकने दोन्ही लिहिलं आहे. आईबापांबरोबर घरी परत जाऊन तो त्यांच्या आज्ञेत राहिला, हेही लूकनेच लिहिलं आहे. म्हणजे प्रश्न आणि आज्ञा एका घरात नांदू शकतात. आम्हालाच त्या दोन सवती वाटतात.



मग छडीचा मुद्दा येतो. तो आला नाही असं माझ्या आठवणीत एकदाही झालेलं नाही. नीतिसूत्रांत छडीबद्दलची ओळ आहे आणि ती न वाचलेल्यालाही पाठ असते. तिच्या आधारावर आमच्यात तीन पिढ्या मार खाऊन मोठ्या झाल्या. "आम्ही काय बिघडलो?" असं विचारणाऱ्यांना काय सांगावं हेच कळत नाही.

त्या ओळीत जो मूळ हिब्रू शब्द आहे, 'शेबेट', तोच तेविसाव्या स्तोत्रातही आहे. तिथे तो मेंढपाळाच्या हातातली काठी म्हणून येतो आणि त्या काठीने स्तोत्रकर्त्याला धीर येतो. आमच्या नगर जिल्ह्यात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे रानात उतरतात. जाऊन बघा. धनगर काठी उगारतो ती लांडग्यावर, कुत्र्यावर. मेंढीला तिने वळवतो, खड्ड्यापासून मागे ओढतो. मेंढरं झोडपणाऱ्या धनगराला गावात कुणी चांगला धनगर म्हणणार नाही. आणि बापांनी मुलांना चीड येईल असं वागू नये, हे पौलाने इफिसकरांना लिहिलंय. ते वचन पाठांतराच्या स्पर्धेत ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही.

शाळांपुरतं बोलायचं तर कायदाही स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली आहे. घरात आणि चर्चच्या ओसरीवर ते कलम पोचत नाही. तिथे आपलंच भान लागतं.

मार तरी दिसतो. गप्प बसवण्याचे वळ दिसत नाहीत, आणि त्यात मोठा धोका आहे. मोठ्या माणसाविषयी तक्रार करणं म्हणजे पाप, असं मनावर ठसलेलं मूल उद्या कुणी त्याच्या अंगाला नको तिथे हात लावला तर कुणाला सांगणार? २०१२ च्या पोक्सो कायद्यात असा गुन्हा माहीत असून न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. पण कळवण्याआधी मुलाने आपल्याला सांगायला हवं ना? ज्या मुलाला आपण डब्यातल्या पैशांचा प्रश्न विचारल्याबद्दल माफी मागायला लावली, ते याहून अवघड गोष्ट सांगायला आपल्याकडे का येईल? जगभरच्या चर्चना गेल्या काही दशकांत ज्या लाजिरवाण्या गोष्टी कबूल कराव्या लागल्या, त्यांच्या मुळाशी आज्ञाधारक मुलं आणि ऐकून न घेणारे मोठे हीच जोडी वारंवार सापडते. आधी देवाच्या माणसावर बोट उचलू नये हे शिकवलं गेलं आणि बाकीचं त्यामागून आलं.



असं का झालं, हेही सांगते, कारण नुसतं दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे.

माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांच्या वडिलांना वाटेत येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून जोहार घालावा लागायचा. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली. मिशनच्या शाळेत पणजोबा अक्षरं शिकले, बाप्तिस्मा घेतला. का घेतला? आमच्या घरात सांगतात त्याप्रमाणे, मान वर करून चालता यावं म्हणून. पण मान वर झाली तोवर समोर साहेब उभा होता, मग साहेबाच्या जागी पाळक आला, मग कमिटी आली. नोकरी मिशनची, घर मिशनचं, शाळा मिशनची. अशा ठिकाणी 'उद्धट' ठरणं परवडत नाही. आजोबांनी बाबांना जपून राहायला शिकवलं, बाबांनी मला. ते प्रेमापोटीच होतं.

शिवाय आपण मूठभर. "लोक आपल्याकडे बघत असतात, नीट वाग" हे वाक्य ऐकत प्रत्येक ख्रिस्ती मूल मोठं होतं. मूल चांगलं वागलं तर ते समाजाचं प्रशस्तिपत्र आणि वाईट वागलं तर समाजाला बट्टा. आजच्या वातावरणात तर ही भीती खोटीही नाही. नाताळच्या फेरीला बाहेर पडताना रस्ता कुठला घ्यायचा यावर आता चर्चा होते. म्हणून हा लेख वाचून कुणीतरी म्हणणारच, की घरातली धुणी बाहेर कशाला? त्यांना टीका करायला निमित्त कशाला?

हा आक्षेप मला पोटातून कळतो. पण तो मान्य केला तर मुलांना आपण काय शिकवतो ते बघा. खरं हे वातावरण बघून बोलायचं असतं, आपल्या माणसांची चूक ही चूक नसते, हेच ना? जो समाज सत्यासाठी मेलेल्या माणसाला देव मानतो, त्याने एवढ्या लवकर हे धडे देऊ नयेत. आणि टीका करणाऱ्यांना निमित्त आपल्या कबुलीतून कमी मिळतं, लपवालपवीतून जास्त.



आपल्याकडेच याहून वेगळं वागलेली माणसं होऊन गेलीत. आम्ही त्यांचे फोटो लावतो, पण ती काय वागली ते मुलांना सांगत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. शब्बाथ शाळेत आम्ही इथून उडी मारून थेट केडगावच्या मुक्ती मिशनला पोचतो. मधली वर्षं गाळतो. त्या वर्षांत रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून केवढा वाद झाला! रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला होता, पण चर्चने सांगितलेलं सगळं शंका न घेता स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. पुरोहितांचं जोखड एकदा मानेवरून उतरवलेल्या बाईला नव्या पुरोहितांचं जोखड घ्यायचं नव्हतं. मनोरमेला काय आणि कसं शिकवायचं यावरूनही दोघींचे खटके उडाले. जेराल्डिनबाईंना ही आडमुठी, अहंकारी बाई वाटली. आणि तरी नातं तुटलं नाही, पत्रं चालू राहिली. याच 'अहंकारी' बाईने पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावला आणलं, त्यांना कामं शिकवली, छापखाना चालवला, आणि एकटीने बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्या गेल्या १९२२ साली. भाषांतर प्रसिद्ध झालं १९२४ साली. आमच्या कमिटीसमोर रमाबाई आल्या असत्या तर पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं असतं.

दुसरं घर टिळकांचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. आणि १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेलं 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळकांची भक्ती, दातृत्व, कविता त्यात आहे. टिळकांचा राग, लहर, विसराळूपणा आणि त्यापायी बायकोचे झालेले हालही आहेत. ख्रिस्ती समाजातल्या सगळ्यात आदरणीय माणसाचे दोष त्याच्या बायकोने छापून आणले, हसतहसत. त्यामुळे टिळक लहान झाले का? उलट आजही आपल्याला ते घरातले वाटतात ते त्या पुस्तकामुळे. मुलांसमोर निर्दोष दिसायचा आटापिटा करणाऱ्या आईबापांनी हे पुस्तक उशाशी ठेवावं.

आणि शब्बाथ शाळाच घ्या. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रवाल्याने ही चळवळ उभी केली, ती कुणासाठी? आठवड्याचे सहा दिवस कामावर राबणाऱ्या गरीब पोरांसाठी. रविवार तेवढा मोकळा, म्हणून रविवारी त्यांना वाचायला शिकवायचं. बायबल त्यांनी स्वतः वाचावं म्हणून. स्वतः वाचणारा माणूस कधीतरी पान उलटून पुढचं वाचतो आणि विचारतो की हे तुम्ही सांगितलं नव्हतं. ज्या शाळेचा जन्म वाचायला शिकवण्यासाठी झाला, तिथे आज आम्ही अर्थ न विचारता घोकण्याला चांदणीचं स्टिकर देतो.



"आजची मुलं आधीच तोंडाळ झालीत. हातात मोबाइल, घरात कुणाचं ऐकत नाहीत, आणि तुम्ही त्यांना आणखी उत्तरं द्यायला शिकवा." हे मला प्रत्येक पालकसभेत ऐकायला मिळतं.

तोंडाळपणा वेगळा आणि खरं बोलणं वेगळं. तोंडाळ मूल स्वतःला हवं ते मिळवायला बोलतं. त्या मुलीला डब्यातून काही हवं नव्हतं. ती वसतिगृहातल्या, कधीही न पाहिलेल्या मुलांच्या ब्लँकेटांसाठी उभी राहिली होती. देवाला आवडणारं शील म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? ते आमच्या डोळ्यांसमोर उमललं होतं, आणि आम्ही ते शिस्तीच्या नावाखाली खुडलं. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा मलाही मान्य आहे. पण ज्याच्याशी खोटं बोलावं लागतं त्याचा मान राखला जात नाही, त्याची फक्त भीती राखली जाते.

हे वाचणारे बरेच जण ख्रिस्ती नसतील. तुमच्याकडे वर्गाला संस्कारवर्ग म्हणत असतील, पाठांतर श्लोकांचं असेल किंवा आयतींचं. तुमच्याही घरात फोन आल्यावर "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असं बाबाच सांगत असतील आणि संध्याकाळी खोटं बोलल्याबद्दल पोराला मार बसत असेल. मग तुमचंही घर आमच्यासारखंच.

आणि तुम्ही विशी-पंचविशीत असाल तर हे तुमच्याच अंगावर येणार आहे. उद्या वर्ग तुमच्या हातात येईल, मुलं तुमची असतील. तेव्हा करता येण्याजोग्या चार साध्या गोष्टी सांगते. एक, गोष्ट शेवटपर्यंत सांगा, शमुवेलाला सकाळी दारं उघडू द्या. दोन, वचन पाठ करणाऱ्याला बक्षीस देणार असाल तर अवघड प्रश्न विचारणाऱ्यालाही द्या. तीन, मुलांनी जमवलेल्या पैशाचा हिशोब मुलांसमोर वाचा, पै न पै. आणि चार, ही सगळ्यात महाग पडणारी: तुमचं चुकलं की मुलाची माफी मागा, आणि चारचौघांत चुकला असाल तर चारचौघांत मागा. रोज रात्री देवाकडे क्षमा मागणारा बाप मुलाकडे एकदाही क्षमा मागत नसेल, तर त्या मुलाला क्षमा हा विधी वाटणार. ती खरी असते हे त्याला कळणारच नाही.



चौथी गोष्ट मी स्वतः अकरा वर्षं टाळली.

मागच्या नाताळात ती मुलगी भेटली. आता वीस वर्षांची आहे, पुण्यात नर्सिंग शिकते. चर्चच्या बाहेर चप्पल घालत होती. मी म्हटलं, "तुझी माफी मागायची आहे. ते पत्र तुझ्याकडून लिहून घ्यायला नको होतं." तिला लगेच कळलं, कुठलं पत्र ते.

"मी कुठे लिहिलं होतं, टीचर? तुम्ही सांगत होता, मी उतरवून घेत होते."

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "वचनं आता फारशी आठवत नाहीत. आकडा आठवतो." मग थोडं थांबून तिने विचारलं, "हे तुम्ही आत बोलाल का? सगळ्यांसमोर?"

मी हो म्हटलं. त्यानंतर कितीतरी रविवार आले आणि गेले. प्रत्येक उपासनेच्या शेवटी विचारतात, कुणाला काही सांगायचं आहे का. प्रत्येक वेळी मी समोरच्या बाकाची लाकडी पाठ बघत बसते. हा लेख लिहिणं त्यामानाने फार सोपं होतं, कारण इथे माझ्याकडे कुणी वळून बघत नाही.

येत्या रविवारी उभी राहणार आहे. आत्तापासून पोटात गोळा आलाय. ती नऊ वर्षांची असताना एका दमात उभी राहिली होती.